शिवणकाकूंना विचारा: गोधडी झाली, आता उशा

या वेळी टपालात उशाच उशा आल्या. साहजिक आहे. हिवाळ्यात गोधड्या शिवून होतात, मे महिन्यात पाहुणे यायचे असतात, आणि नवी गोधडी पलंगावर पसरली की जुन्या उशा डोळ्यांत खुपायला लागतात. पहिलं पत्र मुद्दाम सविस्तर घेते, कारण त्यातल्या उत्तरात बाकी चार-पाच जणींची उत्तरं आहेत.

प्रश्न: काकू, वेळणेश्वरजवळ आमचं घर आहे. दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. या हिवाळ्यात आईच्या आणि सासूबाईंच्या सुती लुगड्यांच्या दोन मोठ्या गोधड्या हाताने शिवल्या. त्यांच्याशी जुळतील अशा शोभेच्या उशा करायच्या आहेत, एका पलंगावर पाच-सहा तरी. लुगड्यांचे तुकडे उरलेत, तेच वापरू का? आत काय भरू? चेन लावू की नको? गेल्या पावसाळ्यात विकतच्या उशांना बुरशी धरली, म्हणून धास्ती आहे. कापडाचे नमुने पाकिटात घातले आहेत. (गुहागर तालुक्यातली एक वाचक)

उत्तर: नमुने पाठवलेत ते फार बरं केलंत. मोबाइलवरच्या फोटोत डाळिंबी रंग लाल दिसतो आणि लाल रंग केशरी. त्यावरून मी काय सांगणार?

तुमचा प्रश्न रंगाचा आहे, पण मी बुरशीपासून सुरुवात करते. आपल्याकडे उशी कशी शिवायची हे मिरगानंतरचे तीन महिने ठरवतात. घाटावरच्या मासिकांत जाडजूड भरतकामाच्या, आरशांच्या, गोंड्यांच्या उशा सुंदर दिसतात, कारण त्यांच्याकडे त्या उन्हात वाळतात. आमच्या सासूबाईंसमोर मी एकदा असाच नटवलेला अभ्रा ठेवला होता. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "दिसता बरो, पण सुकतलो कधी?" क्लासला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हाच प्रश्न आधी विचारायला लावते. पाऊस संपायच्या आत गणपती येतात, घर भरतं, आणि उशा तेव्हाच लागतात. म्हणजे अभ्रा असा हवा की धुऊन घरातल्या घरात, वलणीवर, पंख्याखाली दुसऱ्या दिवशी कोरडा व्हावा. दोन पातळ थर चालतील. तीन थर नकोत, आत स्पंज नको, जाड लेस नको, गोंडे तर नकोच. गोंड्याचा पोटातला दोरा ओला राहतो आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो.

आता कापड. तेच लुगडं उशीलाही लावू नका. त्याच कापडाची गोधडी आणि त्याच कापडाची उशी म्हटली की उशी गोधडीत बुडून जाते, कुणाला दिसतसुद्धा नाही. शिवाय जुनं लुगडं आडवं ताणून बघा. पदराकडचं आणि काठाजवळचं कापड धड असतं, पण बैठकीच्या जागेचं विरलेलं असतं. गोधडीत ते पाच-सहा थरांत सांभाळलं जातं. उशीच्या अभ्र्यावर मात्र शिवणीपाशी सगळा ताण येतो आणि ते चर्र फाटतं.

तुमच्या नमुन्यांत एक लुगडं डाळिंबी आहे, एक काळपट हिरवं, आणि हिरव्याच्या काठात बोटभर हळदी पट्टी आहे. गोधडीत सगळ्यात कमी असलेला रंग उशीला द्यायचा, असं माझं मत. म्हणजे तुम्ही हळदी पॉपलिन घ्या. हिरवी उशी करू नका, खिडकीबाहेर माडांचं हिरवं आहेच. पांढरी तर बिलकुल नको. जांभ्याची तांबडी धूळ पायाला लागून पलंगापर्यंत येते. ती मातीतल्या लोहाची असते, तिच्यावर ब्लीच टाकलं की डाग जाण्याऐवजी पक्का होतो. हळदीवर ती तितकी उठून दिसत नाही. फणसाच्या चिकाला आधी खोबरेल चोळून मग साबण लावता येतो. केळीच्या आणि काजूच्या डागाला मात्र माझ्याकडे उपाय नाही. पाहुण्यांना काजूची बोंडं पडवीतच द्या.

हे झालं रंगाचं. पण खरी जुळणी दोरा करतो, हे फार कमी जणी लक्षात घेतात. दुकानात गोधडीचा तुकडा नेऊन तासभर 'मॅचिंग' शोधतात, आणि गोधडीवर जो पांढरा धावदोरा हजारो टाक्यांनी फिरलाय तो उशीवर नसतोच. मग दोन्ही गोष्टी दोन घरच्या वाटतात. तुम्ही गोधडीला जो दोरा वापरलात तोच घ्या, दोन ओळींत जेवढं अंतर ठेवलंत तेवढंच ठेवा, टाकाही तेवढाच लांब. गोधडी काठाकडून मध्याकडे चौकोनी फिरत शिवली असेल तर उशीवरही तशाच ओळी फिरवा. कापड वेगळं असलं तरी डोळा ते एकच काम समजतो. शहरातल्या घरात हे चालेल की नाही ठाऊक नाही, पण जिथे गोधडी हातची आहे तिथे मशीनचं भरतकाम असलेली उशी मला परकी दिसते.

आणि उरलेल्या लुगड्याची जागा इथे आहे. हळदी पॉपलिनच्या दर्शनी तुकड्याखाली लुगड्याचा मऊ तुकडा अस्तरासारखा लावा आणि दोन्ही मिळून धावदोरा घाला. दोन थर झाले, म्हणजे सुकायची अडचण नाही. धावदोऱ्याला अंगही येतं, नुसत्या एकेरी पॉपलिनवर तो चपटा पडतो. आईचं लुगडं वरून दिसणार नाही, पण तुम्हाला ठाऊक असेल. काठ चांगला असेल तर त्याची एक पट्टी दर्शनी बाजूला, मध्यभागी नव्हे, एका कडेपासून तीन-चार इंच आत आडवी लावा.

कापायच्या आधी नवं कापड रात्रभर पाण्यात ठेवा. सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर शिवणीला सुरकुत्या पडतात. त्याच पाण्यात पांढऱ्या कापडाची चिंधी टाका, सकाळी ती रंगली असेल तर ते कापड उशीला नको. मीठ-तुरटीत बुडवून रंग पक्का होतो असं सांगतात, पण आजच्या गिरणीच्या कापडाच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. लाल दोरा वापरणार असाल तर त्याचीही अशीच परीक्षा घ्या.

माप सोळा इंची धरू. एका उशीला ४४ इंच पन्ह्याचं अर्धा मीटर कापड पुरतं. दर्शनी तुकडा आधी १७ बाय १७ कापा, कारण हाताच्या धावदोऱ्याने कापड आखडतं. धावदोरा पुरा झाला की इस्त्री करून १६ बाय १६ छाटा. मागच्या बाजूला १६ बाय ११ चे दोन तुकडे. प्रत्येकाची एक लांब कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा, म्हणजे ते दहा-दहा इंच उरतात. दर्शनी तुकड्यावर सुलट बाजू आतल्या बाजूला ठेवून ते एकमेकांवर चढवले की मधे चार इंचांचा दुपेड येतो. चारही बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारं कापड, धरून टीप मारा, कडा इंटरलॉक करा, उलटा. पाकिटासारखा अभ्रा तयार, चेन नाही की बटण नाही. तयार अभ्रा पंधरा इंची होतो आणि आतली उशी सोळा इंची, हे बरोबर आहे, मापात चूक समजू नका. एक इंच लहान अभ्र्यातच उशी टरारून बसते.

कोपऱ्यांचं एक सांगायचं राहिलं. सरळ नव्वद अंशांत शिवलेल्या चौकोनी उशीची चार टोकं कुत्र्याच्या कानांसारखी रिकामी लोंबतात, कारण भरण तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून टीप मारण्याआधी प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर चार-चार इंचांवर खडूची खूण करा. कोपऱ्यात अर्धा इंच आत सरका, आणि खुणेपासून त्या बिंदूपर्यंत हलका उतार आखा. त्या उतारावरून टीप मारली की उलटल्यावर उशी चौकोनीच दिसते. पट्टीने आखलेला काटकोन सोडवत नाही ही अडचण मुलींना हमखास येते. सोडा.

चेन लावायचीच असेल तर नायलॉनची. लोखंडाचा रनर खाऱ्या हवेत गंजतो आणि कापडावर तांबडा डाग सोडतो, स्टीलच्या म्हणून घेतलेल्या टिचबटणांचंही पुष्कळदा तेच होतं. दिसायला काहीतरी हवंच असेल तर पाकिटाच्या दुपेडावर करवंटीची दोन बटणं लावा. सिंधुदुर्गात करवंटीचं काम करणारे कारागीर आहेत, आणि करवंटीला गंज चढत नाही.

भरण. कापूस अंगाला गोड, पण ओल पितो. ज्या घरात मे महिन्यात उशा पत्र्यावर टाकून तापवणारं आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून घेणारं माणूस आहे तिथेच तो ठेवावा. पाहुण्यांच्या खोलीत पॉलिएस्टरचा फायबर भरा. लोक त्याला रेक्रॉन म्हणतात. सोळा इंची उशीला साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम लागतो. तो पाणी पीत नाही, धुता येतो. मूठ-मूठ सुटा करून भरा, आधी कोपरे, मग मध्य. शिवणकामातल्या चिंध्या भरू नका, काटकसर म्हणून ते मोहात पाडतं, पण उशी दगडासारखी जड होते आणि पावसात आतून कुजते. फोमचे तुकडेही नकोत, त्यांचा वास कधी जात नाही.

आता तुमचं "पाच-सहा तरी". एका पलंगावर तीन पुरेत: दोन सोळा इंची आणि पुढे एक लांबट, बारा बाय वीस. निजायच्या उशा वेगळ्या, साध्या फिक्या अभ्र्याच्या, सतरा बाय सत्तावीसच्या. पाहुणा रात्री शोभेच्या उशा जमिनीवर टाकतो, हे धरूनच चला. सहा असल्या तर सहा टाकेल आणि सकाळी त्या तुम्हीच उचलाल. पैसे उरले तर तिन्ही उशांना अभ्र्यांचा दुसरा जोड शिवा. पावसात त्याचा उपयोग सहाव्या उशीपेक्षा कितीतरी जास्त.

मे महिन्यात अभ्रे उलटे करून वाळत घाला, नाहीतर हळदीचा महिन्याभरात पिवळट पांढरा होईल. पावसाळ्यात खोली रिकामी राहणार असेल तर मिरगाआधी उशा कडकडीत उन्हात तापवा, सावलीत निवू द्या, आणि सुती कापडात बांधून माळ्यावर नव्हे, रोज वावर असलेल्या खोलीत ठेवा. बंद खोलीतली उशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आणि ती जराशी जरी दमट असली, तरी गणपतीला पिशवी उघडाल तेव्हा काय दिसेल ते तुम्ही गेल्या वर्षी बघितलंच आहे.

प्रश्न: मी डोंबिवलीला असतो, गाव राजापूर तालुक्यात. घरी आईने भरलेल्या सावरीच्या चार उशा आहेत. त्या आता बसल्या आहेत, आतून पिवळी भुकटी येते. बायको म्हणते टाकून द्या, मला वाटतं ओटीवरच्या लाकडी बाकासाठी त्यांचे दोन लोड करावेत. बाकावर आईच्याच हातची गोधडी असते. होईल का? (एक चाकरमानी)

उत्तर: भाऊ, उशा टाकू नका, पण लोडही करू नका. सावरीचा कापूस हलका असतो, तंतू गुळगुळीत आणि मेणचट, म्हणून तो ओल धरत नाही. आपल्या हवेत याहून चांगलं भरण आजी-पणजींना मिळालं नसतं, आणि ते परसात झाडावर फुकट फुटत होतं. पण सतत पाठीचा भार पडला की हे तंतू मोडतात. तुमच्याकडे येते ती भुकटी मोडलेल्या तंतूंची. लोडावर माणूस रेलून बसतो, तिथे सावर सहा महिन्यांत पुन्हा बसेल. लोडाला कापूस भरावा, किंवा मधे काथ्याचा गाभा आणि वर कापसाचा थर.

चार उशांतून दोन हलक्या उशा निघतील, बाकाच्या दोन टोकांना ठेवायला. त्या मोकळ्यावर उसवू नका. सावर वाऱ्याबरोबर उडते आणि मग घरभर, भातातसुद्धा सापडते. मच्छरदाणी लावा, नाकाला रुमाल बांधा, आत बसून उसवा. हातात घेतल्यावर जे पुन्हा फुलतं ते ठेवा, जे चुरतं ते टाका. ठेवलेलं जाळीच्या किंवा मलमलीच्या पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात टांगा. धुवायचं मात्र नाही.

आतली खोळ घट्ट विणीची हवी. मांजरपाटाच्या विणीतून सावर बाहेर येते. गादीपाट घ्या. शिवण दुहेरी: आधी उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप, मग उलटवून कडा आत कोंडून पुन्हा टीप. वर काढता येईल असा अभ्रा, वर गुहागरच्या ताईंना सांगितला तसाच. खोळ कधी धुवायची नाही म्हणून अभ्रा जास्त वेळा बदला.

लोड स्वतंत्र करायचे असतील तर हिशोब सोपा आहे. नऊ इंच जाडीचा लोड म्हणजे घेर सव्वाअठ्ठावीस इंच. त्यात एक इंच माया धरून सव्वाएकोणतीस इंच कापड, लांबी बाकाप्रमाणे. दोन टोकांना दहा इंचांच्या गोल चकत्या. चकती जोडण्याआधी सरळ कापडाच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर, मायेपुरत्याच, कात्रीने खाचा द्या, म्हणजे गोलाई बसते. आधी टाचण्या लावून, मग कच्च्या टाक्याने, मग टीप. ज्यांना कच्चा टाका घालायचा कंटाळा आहे त्यांनी लोडाच्या वाटेला जाऊ नये. बाजारात तयार मिळतात.

प्रश्न: काकू, मी मुरुडची. कॉलेजात आहे. आजीच्या पायमशीनवर उशीच्या अभ्र्याला तिरप्या पट्टीचं पायपिंग लावतेय, पण कोपऱ्यावर दोरा तुटतोच. मशीन बिघडलंय का?

उत्तर: मशीन बहुतेक चांगलं आहे, सुई बदल. पायपिंगच्या कोपऱ्यात पाच-सहा थर एकावर एक येतात, तिथे चौदा नंबरची सुई वाकते. सोळा लाव, खाली धावदोऱ्याचा थर असेल तर अठरा. टाका मोठा कर, वरच्या दोऱ्याचा ताण जरा सैल कर, आणि कोपऱ्यावर पाय न मारता हाताने चाक फिरव. कोपऱ्याच्या एक इंच आधी पट्टीच्या मायेला तीन खाचा दे, ती वळेल. पट्टी खरोखर पंचेचाळीस अंशांत कापली आहेस ना, तेही बघ. घाईत कापलेली पट्टी तिरपी दिसते पण कापडाच्या उभ्या धाग्याच्या जवळ असते, मग ती वळत नाही, चुण्या पडतात.

आणि खालच्या दोऱ्याच्या फिरकीचं घर काढून बघ. समुद्राजवळच्या घरात तिथे बारीक गंज धरतो, दोरा त्याला घासून तुटतो. मशीनच्या तेलाचं बोट फिरव, फडक्याने पूस, मग चिंधीवर हातभर शिव म्हणजे तेल कापडाला लागणार नाही. खोबरेल घालू नकोस, ते चिकट होऊन बसतं. आजीला विचार, तिला हे सगळं ठाऊक असणार, तू तिला विचारलंच नाहीस असा माझा संशय आहे.

प्रश्न: पलंगपोसाला समुद्राचा विषय घेतला आहे, निळ्यावर पांढऱ्या लाटा. शोभेच्या उशांवर खरे शिंपले आणि कवड्या शिवल्या तर? (दापोलीहून)

उत्तर: नको. शिंपल्याला भोक पाडलं की त्याची कड दोरा कापते, धुताना तो फुटतो, आणि पाहुण्याच्या गालावर ठसा उठतो. लाटा छान आहेत. उशीवर त्याच पांढऱ्या दोऱ्याची एकच लाट, कडेपासून कडेपर्यंत घ्या. शिंपल्यांचं तोरण करा, दाराला.